गर्भाशयाची पिशवी काढायची की नाही? ठरवताना या चुका टाळा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. माहेरी आलेल्या लेकी, त्यांच्या वहिन्या, कधी थेट जावईबापू. वाक्य ठरलेलं: "सिस्टर, सोनोग्राफीमा गाठ निंघनी. पोरेसोरे व्हई ग्यात, आते काय कामनी ती पिशवी? काढी टाकूत ना?"

स्त्रीरोग वॉर्डात मी २८ वर्षं सिस्टर होते, आता घरी आहे. काढा किंवा काढू नका, हे मी कोणालाच सांगत नाही. ते तपासणारे डॉक्टर आणि ती बाई यांनी ठरवायचं. पण ठरवण्याआधी बायका, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे नवरे आणि सासवा, ज्या चुका करतात त्या पाहून पाहून जीव कंटाळलाय.

कागदावरची गाठ बघून ऑपरेशन ठरवणं

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांच्या पिशवीत लहानमोठी गाठ असतेच, आणि पुष्कळींना ती जन्मभर कळतही नाही. पित्ताचे खडे बघायला पोटावर मशीन फिरवलं, जाता जाता खाली २ सेंमीची गाठ दिसली, आणि घरात रडारड सुरू. पाळी गेल्यावर यातल्या बहुतेक गाठी आपोआप आक्रसतात, हे मात्र कोणी विचारत नाही.

सेंटिमीटरपेक्षा गाठ कुठे आहे ते महत्त्वाचं. आतल्या अस्तराकडे डोकावणारी दीड सेंमीची गाठ नळ सोडल्यासारखं रक्त घालवते, आणि बाहेरच्या बाजूला लटकलेली ६ सेंमीची गपगुमान बसून राहते. रिपोर्ट हातात आला की "केवढी?" बरोबर "कुठे? आणि किती?" हेही विचारा.

अमळनेर तालुक्यातली एक पोरगी, वय ३६. तक्रार काय, तर कंबर दुखते आणि अंगावर पांढरं जातं. पाळी चार दिवस, हिमोग्लोबिन ११ च्या वर. सोनोग्राफीत अडीच सेंमीची गाठ. दहा दिवसांत ऑपरेशन उरकलं. वर्षभराने एका लग्नात मला भेटली. मार्गशीर्षातली थंडी, आम्ही सगळ्या शाली गुंडाळून, आणि ही पदराने वारा घेत होती. झोप नाही, घाम फुटतो, कारण नसताना पोरांवर ओरडते. हातातल्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं डिस्चार्ज कार्ड काढून तिने माझ्या हातात दिलं. त्यावर एक ओळ होती: टी.ए.एच. विथ बी.एस.ओ.

पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ, पोट उघडून अख्खं गर्भाशय काढलं. पुढच्या तिनांचा अर्थ, दोन्ही बीजकोश, म्हणजे अंडाशय, त्यांच्या नळ्यांसकट काढले. मी सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. नवरा शेजारीच होता. म्हणाला, "डॉक्टरनी इचारं, सगळंच साफ करी टाकू का? मी म्हनं, करी टाका."

घर सारवून घ्यावं तसं! गर्भाशय काढलं की पाळी थांबते. बीजकोश काढले की दुसऱ्याच दिवसापासून बाई म्हातारपणाच्या रांगेत उभी राहते: हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयाचा धोका वाढतो, अंगाची आग आग होते. पंचेचाळिशीच्या आत निरोगी बीजकोश काढायचे असतील तर तसंच भक्कम कारण हवं, आणि काढलेच तर पुढे हॉर्मोनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवं. आणि तिची कंबर? ती अजून दुखते. पांढरं जाणं हे पुष्कळदा नैसर्गिकच असतं, नाहीतर जंतुसंसर्गाचं, औषधाने बरं होणारं. त्यासाठी कोणी पिशवी काढायला सांगत असेल तर कागद घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

मी सगळ्यांना एकच सवय लावते. वहीच्या पानावर दोन वेगळे प्रश्न लिहून न्यायचे: "पिशवी का काढायची?" आणि "बीजकोश का काढायचे?" दुसऱ्याचं उत्तर "आता भूल दिलीच आहे तर" असं आलं, तर ते उत्तर नव्हे. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तो मराठीत मोठ्याने वाचून घ्यायचा, आणि वाचताना बाई समोर हवी. शरीर तिचं, आणि सही बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याची, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता राग येण्याचंही थांबलंय.

हे आपल्याच गावात घडतं असं नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं तेव्हाच्या सर्वेक्षणात ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांना लागू करायला सांगितली. तेव्हा दुसरं मत मागताना लाजू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

"गाठ आहे, उद्या कॅन्सर होईल"

फायब्रॉइडच्या गाठीत कॅन्सर निघणं फार विरळा. पाळी गेल्यानंतर गाठ वाढू लागली किंवा पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र एक दिवसही थांबू नका. आणि चाळीस-पंचेचाळिशीनंतर पाळी बिघडली असेल तर अस्तराचा तुकडा तपासून घ्या. ती तपासणी न करताच थेट ऑपरेशनची तारीख घेणं हा उलटा कारभार.

गोळीचा रक्तस्राव पिशवीच्या नावावर

कानबाई बसणार, वणीच्या गडावर पायी जायचं, घरात लग्न. मेडिकलवरून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणायच्या, आठ-दहा दिवस खायच्या. बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते, आणि कधी कधी अशी येते की बाई घाबरून जाते. मग सोनोग्राफी, मग गाठ, मग "पिशवी खराब झाली". अगं, गोळी बंद केलीस म्हणून ती आली! डॉक्टरांना आधी गोळीचं सांगा. वर्षात तीनदा ढकलाढकली केली असेल तर तेही सांगा. देवीला त्याचं काही वाटत नाही, डॉक्टरला मात्र फरक पडतो.

मधल्या उपायांना दोन महिन्यांत कंटाळणं

ही माझी खास चीड. उपाय बरेच आहेत. जास्त जाणाऱ्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्सॅमिकच्या गोळ्या, ज्या त्या तीन-चार दिवसांत दिवसातून ठरल्या वेळी घ्याव्या लागतात. एक खाऊन "फरकच नही" म्हणायचं नाही. पायातल्या शिरेत पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल तर ते आधी सांगायचं. आत डोकावणारी गाठ पोटावर चीर न देता, खालून दुर्बिणीने काढता येते. मूल हवं असेल तर पिशवी ठेवून फक्त गाठी काढता येतात, मात्र त्या पुन्हा होऊ शकतात हे मान्य करून. गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचाही उपाय आहे, त्यासाठी मोठं शहर गाठावं लागेल.

आणि हॉर्मोनची तांबी. नाव काढलं की बायका म्हणतात, "नको बाई, तांबीने अजून जातं." बरोबर आहे, पण ते साध्या तांब्याच्या तांबीचं. ही दिसायला तशीच, काम उलटं: अस्तर पातळ ठेवते, रक्त कमी करते, आणि काही वर्षं चालते. अट एवढीच की पहिले तीन ते सहा महिने थोडं थोडं डाग लागतात. आमच्याकडच्या बायका दुसऱ्या महिन्यात "काढून टाका" म्हणत दारात. एक तर दीड महिन्यात काढून गेली आणि पुढच्या पंधरवड्यात ऑपरेशनच्या टेबलावर होती. कपाशी पेरून दीड महिन्यात बोंड का नाही म्हणून कोणी उपटतं का? हां, गाठीने पिशवीचं तोंड-पोट वेडंवाकडं झालं असेल तर ती टिकत नाही, गळून पडते. ते डॉक्टर आधी बघून सांगतात.

उलटी चूक: ढकलत राहणं

वरचं वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सिस्टर ऑपरेशनच्या विरोधात. अजिबात नाही. शिरपूरकडची एक मावशी आठवते, वय ४४. तीन वर्षं अंगावरून जात होतं. पाळीचे आठ-नऊ दिवस, पॅडवर जुन्या सुती लुगड्याची घडी, रात्री दोनदा उठून बदलायचं. सगळ्यांनी सांगितलं, पन्नाशीत आपोआप थांबेल. कोणी झाडपाल्याचं चूर्ण दिलं, कोणी काढा. आमच्याकडे आली तेव्हा खाटेपासून दारापर्यंत चालताना धापा टाकत होती. तळहात पिठासारखे पांढरे. पदराच्या गाठीत भाजलेल्या मातीचे तुकडे बांधलेले, मधूनच एक तोंडात टाकायची. ती माती खाण्याची हौस नव्हे, लोह कमी पडलं की अशी वासना होते. हिमोग्लोबिन ४.८ निघालं. आधी रक्ताच्या पिशव्या, मग लोहाची सलाईनमधली औषधं, मग काही आठवड्यांनी ऑपरेशन. गर्भाशय पाचव्या महिन्याच्या पोटाएवढं झालेलं. बीजकोश ठेवले. तीन महिन्यांनी भेटायला आली, गालावर रंग होता. "पहिलेच का नही करं माय?" असं मलाच विचारत होती.

औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, भरून पुन्हा पुन्हा खाली येणारं हिमोग्लोबिन, लघवीवर दाब, मूल नको, आणि बाईची स्वतःची इच्छा. एवढं जुळलं की पिशवी काढणं हा चांगला उपाय आहे, आणि ती गाठ परत येत नाही.

मग किती जातं हे कसं ठरवायचं? "खूप जातं" हे माप नव्हे. माझा उपाय स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर. पाळीच्या तारखेवर प्रत्येक पॅडमागे एक रेघ. १० रुपयांच्या नाण्याहून मोठी गुठळी पडली तर गोल. रात्री उठावं लागलं तर फुली. तीन महिन्यांची पानं फाडून डॉक्टरांना दाखवा. दर तास-दोन तासांना पॅड भिजत असेल तर मात्र कॅलेंडर राहू दे, दवाखाना गाठ.

उरलेल्या, थोडक्यात

थायरॉइड न तपासणं. तो कमी असला तरी पाळी जास्त जाते.

लोहाची गोळी चहाबरोबर घेणं. लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौच काळं होतं, घाबरू नका.

सातपुड्याच्या बाजूला, नंदुरबार-धडगाव-शिरपूर पट्ट्यात, हिमोग्लोबिन कमी दिसलं की सगळा दोष पाळीला देणं. सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी आधी करा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असणं फार गरजेचं.

काढलेल्या पिशवीची तपासणी न करणं. ऑपरेशननंतर नातेवाइकांच्या हातात औषधातली बरणी देतात, लॅबला पोचवा म्हणून. एका भाऊंनी ती दोन दिवस स्कूटरच्या डिकीत ठेवली, वर केळ्यांची फणी. रिपोर्ट आणायलाही गेले नाहीत. तो रिपोर्ट आणून फाइलला लावा, बाकीचं सगळं हरवलं तरी चालेल.

आणि आखाजीला ऑपरेशन ठरवण्याचं. माहेरी विसावा मिळतो हे खरं, पण बाहेर ४४ अंश, आणि पंधरा दिवसांत सासरहून बोलावणं येतं. पहिल्या दिवसापासून चालायचं, पण सहा आठवडे हंडा, पोतं, ओली गोधडी उचलायची नाही. आपल्याकडे नळ येतो चार-सहा दिवसांनी, आणि आला की सगळे ड्रम एकदम भरावे लागतात. म्हणून तारीख घेण्याआधी घरात बसून विचारा, त्या सहा आठवड्यांत पाणी कोण भरणार. नाव सांगायला लावा. एका घरात हे विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग सासूबाईच म्हणाल्या, "मी भरसू." त्या बाईचं ऑपरेशन मी निवांत मनाने लागू दिलं.