घातक कचऱ्यासाठी वेगळा डबा ठेवा
घनकचरा घरे, बाजारपेठा, कारखाने, बांधकामे आणि दवाखाने अशा अनेक ठिकाणांहून येतो. मात्र घरगुती कचऱ्याचा खरा धोका त्याच्या सरमिसळीत असतो. ढिगाखाली ओला कचरा हवेविना कुजू लागला की त्यातून आम्लयुक्त पाणी झिरपते, आणि त्याच ढिगात टाकलेल्या बॅटऱ्या व विद्युत उपकरणांतील शिसे, कॅडमियम यांसारखे धातू त्यात विरघळून भूजलापर्यंत पोहोचू शकतात. याच कुजण्यातून मिथेन वायूही निघतो, जो १०० वर्षांच्या हिशेबात तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो.

म्हणून बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे, रंग आणि कीटकनाशके यांच्यासाठी झाकणाचा वेगळा डबा ठेवावा आणि त्यातील वस्तू अधिकृत संकलन केंद्राकडेच द्याव्यात. लिथियम बॅटरीची टोके दुसऱ्या धातूला टेकल्यास ती पेट घेऊ शकते, त्यामुळे त्यांवर आधी चिकटपट्टी लावावी. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटमध्ये (एलईडीमध्ये नव्हे) पारा असतो. ती फुटल्यास झाडू न मारता खिडक्या उघडाव्यात, तुकडे जाड कागदाने गोळा करावेत, फरशी ओल्या कागदाने पुसावी आणि हे सारे घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे. प्लॅस्टिक जाळणे तर मुळीच नको, कारण पीव्हीसी (पाइप, वायरींचे आवरण यांसाठी वापरले जाणारे प्लॅस्टिक) उघड्यावर जळताना डायॉक्सिन नावाची विषारी रसायने तयार होतात.