कोलंबो ते माले : हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

श्रीलंका आणि मालदीव या दोन बेटराष्ट्रांच्या मुख्य विमानतळांमधील अंतर कागद-पेन्सिलीने काढता येते; त्यासाठी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश हवेत, पण ते शहराचे नव्हेत, विमानतळाचे. कोलंबोचा भंडारनायके विमानतळ शहरात नसून उत्तरेला कटुनायके येथे आहे आणि मालेचा वेलाना विमानतळ शेजारच्या हुलहुले बेटावर आहे, त्यामुळे शहराचे आकडे घेतल्यास गणित सुरुवातीलाच चुकते.

कटुनायकेचे स्थान ७.१८ उत्तर, ७९.८८ पूर्व आणि हुलहुलेचे ४.१९ उत्तर, ७३.५३ पूर्व. अक्षांशांतील फरक २.९९ अंश, एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरले की दक्षिणोत्तर अंतर ३३२ किलोमीटर येते. रेखांशांतील फरक ६.३५ अंश आहे, मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तसे रेखांश एकमेकांजवळ येत असल्याने त्याला सरासरी अक्षांशाच्या, म्हणजे ५.७ अंशांच्या, कोज्येने (कोसाइनने, ०.९९५) गुणावे लागते; मग त्याला १११ने गुणल्यावर पूर्व-पश्चिम अंतर येते ७०१ किलोमीटर. इथे हा गुणक नगण्य वाटेल, पण आइसलंड ते फॅरो बेटे असा प्रवास असता तर तोच ०.४५च्या आसपास आला असता आणि तो विसरणाऱ्याचे उत्तर भलतेच फुगले असते. आता शाळेतले पायथागोरसचे प्रमेय लावावे : दोन्ही आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ७७६ किलोमीटर, म्हणजेच साधारण ४२० सागरी मैल. हजारो किलोमीटरच्या प्रवासाला ही सपाट पृथ्वीची रीत चालत नाही, तिथे गोलीय त्रिकोणमितीच हवी.

वेळेसाठी ताशी ८०० किलोमीटर वेग धरून भागाकार केल्यास ५८ मिनिटे येतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे आणि थांब्यापर्यंत पोहोचणे यांसाठी आणखी अर्धा तास मिळवावा. म्हणून प्रवास साधारण दीड तासाचा समजावा. पावसाळ्यात जमिनीलगतचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, पण विमाने उडतात त्या उंचीवर तो पूर्वेकडून वाहतो. मालेकडे जाताना त्याची मदत होते आणि परतताना तोच आडवा येतो, त्यामुळे काही मिनिटांचा फरक पडतो.

खरा घोळ घड्याळाचा आहे. श्रीलंकेची वेळ भारताइतकीच आहे, मालेची मात्र अर्धा तास मागे. समजा, विमान कोलंबोहून १० वाजता निघाले आणि दीड तासाने पोहोचले, तर तिकिटावर पोहोचण्याची वेळ ११ दिसेल आणि प्रवास तासाभराचाच वाटेल. परतीच्या तिकिटावर तोच दोन तासांचा वाटेल. म्हणून दोन्ही वेळा आधी एकाच घड्याळात आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. मालदीवमधील काही रिसॉर्ट मालेहून एक तास पुढची स्वतंत्र वेळ पाळतात, हेही परतीच्या दिवशी ध्यानात ठेवावे. समुद्री विमाने फक्त दिवसाच्या उजेडात उडतात. त्यामुळे पुढे समुद्री विमानाने जायचे असल्यास मालेला पोहोचण्याची वेळ कधीही कोलंबोच्या नव्हे, मालेच्याच घड्याळाने मोजावी.