गुरू थरथरतोय? फोटो काढताना या चुका टाळा

जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत असतो आणि आपण दुर्बीण मांडतो ती नेमकी त्याच्यावर. मग स्क्रीनवर गुरू उकळत्या पाण्यातल्या बटाट्यासारखा हलतो आणि बोल लागतो वरच्या हवेला. मीही दोन वर्षं ‘आकाशच खराब’ म्हणत बसलो. एकदा तीच आठ इंची दुर्बीण मामांच्या केळीच्या बागेशेजारी, पाणी दिलेल्या रानात लावली, तर गुरूचे पट्टे कोरल्यासारखे दिसले. (दव मात्र सपाटून पडलं. पुढच्या वेळी ड्रॉइंग शीटची गुंडाळी नळीच्या तोंडाला लावली.)

दोष कुठला, हे ताराच सांगतो. एखादा ठळक तारा फोकसबाहेर नेऊन चकतीएवढा मोठा करा. चकतीवरून एकाच दिशेने भराभर लहरी पळत असतील तर तो उंचावरचा वारा. आपला त्यावर इलाज नाही, रात्र बदलायची. पण चुलीच्या धुरासारखं काही संथपणे रेंगाळत असेल तर ती नळीतलीच गरम हवा. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा, आरशामागे कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवा. शेजारच्या पत्र्यावरून किंवा एसीच्या डब्यावरून तर नेम धरूच नका.

ग्रह उगवला की लगेच धावायचं, ही दुसरी घाई. क्षितिजापासून ३० अंश उंचीवर डोक्यावरच्या दुप्पट हवा आड येते. २०२६ च्या जानेवारीत गुरू मिथुनेत होता, मध्यरात्री खान्देशच्या जवळजवळ माथ्यावर. थांबणाऱ्यालाच तो नीट मिळाला.

एकच लांब एक्सपोजर देऊ नका, त्यात सगळी थरथर साठते. पाच-दहा मिलिसेकंदांच्या फ्रेमचा व्हिडिओ घ्या. हवा क्षणभर थबकते तेव्हाच्या फ्रेम चोख निघतात. शास्त्रज्ञ डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये या नशिबाचं गणित मांडलं: आरसा जितका मोठा, तितकी अशी फ्रेम दुर्मीळ. म्हणजे आपल्या छोट्या दुर्बिणीचं इथे फावतं! ऑटोस्टॅकर्ट या, चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या दहा-वीस टक्केच फ्रेम ठेवा. रेकॉर्डिंग दोन-तीन मिनिटांत आवरा, कारण गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो आणि ठिपके पुसट होतात.

शेवटी शार्पनिंग, म्हणजे चित्रातले बारकावे ठळक करणं. स्लायडर जास्त ओढला की ग्रहाच्या कडेला कांद्यासारखी चकली उमटते. दिसली की मागे घ्या.