जुनी फोर बाय फोर घेतली? वावरात घालायच्या आधी या चुका टाळा

चार-पाच लाखाचं बजेट, डोक्यात जिप्सी नाहीतर जुनी थार, आणि रात्री उशिरापर्यंत लडाखचे व्हिडिओ, असे लोक नागपुरात आता बरेच दिसून राहिले. चांगलं आहे. पण गाडी घरी आल्यावर पहिल्या महिन्यात पैसा कुठं जातो ते पाहा: लाइटबार, मोठे टायर, रूफ रॅक, बोनेटवर वाघाचं स्टिकर. डिफरन्शियलचं (दोन चाकांमधला गिअरचा डबा) ऑइल शेवटचं कधी बदललं ते मात्र ना विकणाऱ्याला माहीत ना घेणाऱ्याला. आणि मग गाडी बंद पडते ती काही मोठ्या दगडावर चढताना नाही, कळमेश्वरच्या पुढं एखाद्या साध्या पांदणीत पडते.

घेतानाच होणारी गडबड

मागं फोर बाय फोरचं अक्षर चिकटवलंय म्हणून गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद जाणारी, होत नाही. बोलेरो आणि स्कॉर्पिओ बहुतेक टू व्हीलच विकल्या गेल्या, थारचंसुद्धा टू व्हील मॉडेल होतं. खाली वाकून पाहा भाऊ, पुढच्या चाकांकडे शाफ्ट जाते का, ट्रान्सफर केस (ताकद पुढं-मागं वाटणारी पेटी) आहे का, आत दुसरा छोटा लिव्हर आहे का. आणि लिव्हर असला तरी तो काम करतो हे गृहीत धरू नका. मोकळ्या मुरमावर गाडी न्या, फोर लोला (चारही चाकं, हळू पण जास्त जोर) टाका, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून हळूहळू गोल फिरवा. पुढची चाकं माती ओरबाडतात, गाडी जराशी अडून अडून चालते, तर पुढं ताकद जाऊन राहिली. टू व्हीलसारखी मजेत गोल फिरली तर समजा पुढचे हब (चाकाला शाफ्टशी जोडणारा भाग) लागत नाहीत. काही गाड्यांत हब हाताने फिरवायचे असतात आणि मालकाला तेच माहीत नसतं, काहीत ते व्हॅक्यूमवर लागतात आणि व्हॅक्यूमचा रबरी पाइप आपल्याकडच्या ४५ डिग्रीत वाळून तडकलेला असतो, म्हणजे लिव्हर पडतो, डॅशबोर्डवर लाइटही लागते, पण पुढची चाकं आपली रिकामीच. पाइप किरकोळ पैशात बदलून होतो, पण हे आधी माहीत असलं तर भाव पाडता येतो.

नंबर प्लेटकडेपण लक्ष द्या. एमएच ३१, ४० किंवा ४९ ची, म्हणजे आपल्याच भागात फिरलेली गाडी असेल तर चेसिसला गंज कमी असतो, हवा कोरडी आपली. रत्नागिरीची ०८, सिंधुदुर्गची ०७ किंवा मुंबईची गाडी असेल तर हातोडी घेऊन चेसिसवर ठिकठिकाणी ठोका, आवाज खणखणीत यायला पाहिजे, भद्द आला की निघा तिथून. ताज्या काळ्या अंडरकोटिंगवर तर अजिबात भाळू नका, त्याच्याखाली काय झाकलंय ते कोणी सांगत नाही. आणि एक खास नागपुरी गोष्ट, २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा पार्किंगमधल्या किती गाड्या पाण्यात गेल्या होत्या ते सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, आतल्या टोकाला पाण्याची रेघ असते. सीटच्या पटरीखाली बोट फिरवा, बारीक गाळ हाताला लागतो.

सफारीत राबलेल्या जिप्स्याही बाजारात येतात. ताडोबा-पेंचच्या धुळीत वर्षानुवर्षं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाललेली गाडी, मीटरवर किलोमीटर कमी दिसतील पण क्लच आणि गिअरबॉक्सनं पाहिलेलं आयुष्य वेगळं असतं. मागं बाकडे बसवायला बॉडी कापून वेल्डिंग केलेलं असतं तेही बघा. उमरेड-चंद्रपूरकडं खाणीत चाललेल्या बोलेरो कॅम्परचं तेच.

कागदांवर फार लिहीत नाही, पण चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा, विशेषतः जुन्या जीपमध्ये, कारण त्यांचं इंजिन कोणी ना कोणी बदललेलंच असतं. १५ वर्षं झालेली खाजगी गाडी असेल तर पुन्हा नोंदणी झाली का, पर्यावरण कर भरला का ते पाहा. हरियाणातल्या मंडी डबवालीकडून नवी कोरी बनवून आणलेली जीप दिसायला लय भारी असते पण तिचे कागद कोणत्या सालच्या कोणत्या गाडीचे आहेत ते आधी विचारा.

पहिला खर्च

इंजिन सोडून फोर बाय फोरमध्ये चार जागी ऑइल असतं: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफ (डिफरन्शियल) आणि मागचं डिफ. साधा मिस्त्री दोन बदलून चारचं बिल देतो असं नाही म्हणत, पण पुढचं डिफ बिचारं कायम विसरलं जातं. स्वतः उभं राहून चारही काढायला लावा आणि निघालेलं ऑइल पाहा. दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय. चकाकी दिसली तर गिअर झिजून राहिले. ड्रेन प्लगच्या चुंबकाला थोडी काळी राख चिकटलेली चालते, तुकडे नाही.

जिप्सीत तर गिअरबॉक्स वेगळा, ट्रान्सफर केस वेगळा आणि दोघांमधे एक छोटी शाफ्ट, म्हणजे एकूण तीन शाफ्ट आणि प्रत्येकीच्या टोकांचे सांधे म्हणजे क्रॉस. ग्रीसगन मारली का कधी? नसेल तर पहिल्यांदा तेच. मग ब्रेक, कूलंट, सगळे रबरी होज, फॅन बेल्ट. बॅटरीची पट्टी घट्ट आहे का ते पाहा, कारण वावरात गाडी उसळली आणि बॅटरी उडून तिचं टर्मिनल बोनेटला लागलं की ठिणगी.

टायरवर बाजूला चार आकडी तारीख असते, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. रबराच्या गोट्या दिसतात भरपूर म्हणून खुश होऊ नका, आठ-दहा वर्षं आपल्या उन्हात उभा असलेला टायर बाजूनं तडकलेला असतो आणि हवा कमी करून चालवला की तिथंच फाटतो. जिप्सीला कंपनीचा २०५/७० आर १५ साइज येतो, नवीन माणसाला त्याच साइजचा चांगला ऑल टेरेन पुरतो. मोठे टायर लावले की गिअरिंग बिघडतं, क्लचवर लोड येतो, बेअरिंग लवकर जातात, ब्रेक कमी लागतो, आणि वरून आरटीओवाला थांबवतो तो वेगळाच. गाडी उंच करायच्या लिफ्ट किटचं तर वर्षभर नावच काढू नका.

काळी माती

इथं जरा थांबून लिहितो, कारण बाहेरचे व्हिडिओ पाहून शिकलेल्या माणसाला हेच कोणी सांगत नाही. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्वेकडच्या कडेवर बसलंय. पश्चिमेला काटोल, कळमेश्वर, सावनेर म्हणजे कापूस-संत्र्याची काळी जमीन, पूर्वेला मौदा-रामटेककडं धानाच्या बांध्या. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात वाळली की भेगा पडतात. ओली असताना ती टायरच्या खाचांत अशी बसते की दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत रूळ होऊन जातो, मग फोर व्हील असो की आठ व्हील, काय फरक पडते. मडगार्डमध्ये इतकी भरते की चाक फिरणंच बंद होतं.

व्हिडिओत सांगतात हवा कमी करा. रेतीत ते सोळा आणे खरं आहे. ३० पीएसआयची १८-२० वर आणली की टायर पसरतो आणि गाडी वर तरंगल्यासारखी चालते, कन्हानच्या कोरड्या रेतीत फरक लगेच कळतो. फक्त १५ च्या खाली नवीन माणसानं जाऊ नये, वळणावर टायर रिमवरून निघतो. आणि हवा भरायचा पंप सोबत नसेल तर काढूच नका, तशाच टायरवर हायवेनं घरी यायचं म्हणजे टायर तापून फुटायची तयारी. पण ओल्या काळ्या मातीत हवा काढून विशेष फायदा नाही, तिथं उपाय एकच, जायचंच नाही. पाऊस थांबून दोन-तीन दिवस कडक ऊन पडू द्या, आणि तरी वर पापडी आलेली दिसली तर खाली उतरून टाच मारून बघा, वरून कोरडं आणि खाली लोणी असतं. पांदणीतून बंडी गेलेली दिसली म्हणून आपली गाडी जाईल हा तर फारच भोळा हिशोब, बंडीचं चाक उंच असतं आणि तिला खाली डिफ नसतं.

आणखी एक, तुरीचे खुंट. तूर कापल्यावर जमिनीत तिरपे कापलेले खुंट राहतात, वाळले की खिळ्यासारखे कडक, ट्रॅक्टरच्या टायरला सोडत नाहीत तर तुमच्या टायरची साइडवॉल काय चीज आहे. कमी हवेत तर हमखास. असल्या वावरातून शॉर्टकट घेऊ नका.

फोर व्हील कधी लावायचं

सगळ्यात जास्त पाहिलेली चूक: माणूस टू व्हीलमध्ये घुसतो, अडकतो, चाक फिरवून फिरवून खड्डा करतो, डिफ जमिनीला टेकतो, आणि मग ऐटीत फोर व्हील लावतो. तेव्हा उशीर झालेला असतो. समोर शंका आली की डांबर सोडायच्या आधीच फोर हाय (चारही चाकं, नेहमीचे गिअर), आणि हळू चढ-उतार, दगड, खोल रेती असेल तर थांबून, क्लच दाबून फोर लो. चालत्या गाडीत लो टाकायला गेलात तर कर्रर्र आवाजाचा खर्च तुमचा.

उलट चूकही होते. कोरड्या डांबरावर फोर व्हीलमध्येच राहणं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि लिव्हरनं लावायच्या पार्ट टाइम सिस्टममध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टमधे डिफरन्शियल नसतं, त्यामुळं सगळा ताण शाफ्टमध्ये पिळ बनून बसतो. मग लिव्हर निघतच नाही. घाबरू नका, लिव्हरला लाथा मारू नका, स्टेअरिंग सरळ करून दोन-चार मीटर रिव्हर्स घ्या, पिळ सुटतो आणि लिव्हर आपोआप येतो.

उतारावर लो रेंजचा पहिला गिअर, क्लचवर पाय नाही. चढ-उतार सरळ, तिरपे कधीच नाही. चढावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक दाबून ठेवा, रिव्हर्स टाका आणि इंजिनच्या जोरावर सरळ मागं उतरा, न्यूट्रलमध्ये सोडून नाही. आणि जिप्सीसारख्या पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीत अंगठा स्टेअरिंगच्या आत घालून धरू नका, दगडाला चाक लागलं की स्टेअरिंग झटका मारतं.

पाणी

वाहत्या पाण्यात नाही. पुलावरून पाणी जात असेल तर परत फिरा. थांबलेल्या पाण्यात आधी स्वतः चालत जा, काठी घेऊन, आणि अर्ध्या चाकाच्या वर पाणी असेल तर नवीन माणसानं सोडून द्यावं. आत शिरल्यावर एकच गिअर, एकच वेग, चालण्याइतका. गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नका! इंजिननं पाणी ओढलेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या खेचून काढण्याचं काम पूर्ण इंजिनवर जातं. आधी एअर फिल्टर उघडून ओला आहे का ते बघा. तापलेलं डिफ थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरचा (डिफच्या हवेच्या वाटेचा) पाइप तुटका असेल तर पाणी आत ओढलं जातं, वर सांगितलेला दुधाचा चहा तो असा तयार होतो.

अडकलातच तर

गाडी पुढं सरकणं थांबलं त्या क्षणी ॲक्सिलरेटर सोडा. आपल्याच चाकोरीतून मागं यायचा प्रयत्न करा. नाही आली तर फावडा काढून चाकासमोरची आणि डिफखालची माती काढा, धुऱ्यावर कापसाच्या पऱ्हाट्यांचे भारे असतात, शेतकऱ्याला विचारून चाकाखाली आडव्या टाका, मस्त पकड येते. जॅक नुसता काळ्या मातीवर ठेवला तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच खाली जातो, म्हणून एक जाड फळी कायम गाडीत.

टोचन करताना दोर बंपरला किंवा टो बॉलला बांधू नका. टो बॉल तुटून गोळीसारखा येतो आणि माणूस मरू शकतो. चेसिसचा हुक, त्याला ४.७५ टनाचा डी शॅकल, दोरावर मधे ओलं पोतं टाका, आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करा, बघे तर जमतातच. स्टेपनी, सब्बल, पाण्याचा कॅन, आत जे काही सुटं असेल ते बांधा.

कुठं चालवू नये

जंगल नाही. गोरेवाडा, पेंच, करांडला, बफरमधला कच्चा रस्तासुद्धा नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा गंमत नाही आणि तुमची नंबर प्लेट कॅमेऱ्यात दिसते. रेतीघाटावर रात्री थार घेऊन उभे राहिलात तर महसूलचं पथक तुम्हाला रेतीचोर समजेल, त्यांची चूक नाही त्यात. सोडलेल्या मुरूम खाणीतल्या पाण्याचा तळ कोणालाच माहीत नसतो. रब्बी निघाल्यावर ओळखीच्या माणसाचं रिकामं वावर, त्याला विचारून, धुरा न मोडता आणि ड्रिपच्या नळ्या न चिरडता, शिकायला एवढं बस्स.

घरी आल्यावर काय वाजतं, काय हलतं

साठच्या पुढं स्टेअरिंग थरथरतं? गॅरेजला पळायच्या आधी रिमच्या आतून चिकटलेला चिखल धुवा, बहुतेक वेळा तेच असतं, वाळला की तो दगड होतो आणि बॅलन्सिंग घालवतो. धुऊनही राहिलं तर टाय रॉड एंड आणि किंगपिन बेअरिंग. गिअर टाकला की खट्ट, तर क्रॉस गेला. पूर्ण वळवल्यावर पुढून टकटक, तर पुढचा जॉइंट. ब्रेक एका बाजूला ओढतात, तर ड्रम उघडून माती काढा. टेम्परेचर वर जातं पण कूलंट बरोबर आहे, तर रेडिएटरच्या जाळीत कुसळं बघा, हिवाळ्यानंतर गवतातून फिरलं की फिन्स पार बुजतात, मागून पुढं पाण्यानं धुवा, गरम असताना झाकण उघडू नका. आणि सायलेन्सरवर अडकलेलं वाळलं गवत त्याच दिवशी हातानं काढा, ते पेटतं.