सस्टेनेबिलिटीत रिसर्च करायचाय? आधी आपल्या गावाचा नकाशा काढा

पीएचडी करायची म्हटलं की पोरं पहिलं गूगल स्कॉलर उघडून ट्रेंडिंग विषय शोधतात. मला तरी हे उलटं वाटतं, कारण जिथे वाढलो त्या जागेनेच अर्धा विषय ठरवलेला असतो, फक्त तो हुडकून काढायचा.

कोरा कागद घ्या आणि गूगल मॅप न बघता आठवणीतून गाव काढा. देवाची राय, विहीर, फेरीबोट, मानस (बांधातलं पाण्याचं दार), खाण, जे आठवेल ते. मग बघा डिटेल कुठे जास्त आलंय. गोव्यातल्या चोडण-दिवाडी बेटांवरचा माणूस बांध काढेल, डिचोलीचा खाणीचा खड्डा आणि ट्रकचा रस्ता. तिथेच तुमचा विषय आहे, पहिल्याचा खारं पाणी, दुसऱ्याचा विहिरीचं पाणी.

आता त्यातला प्रश्न बारीक करा. खाजनाचं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीचं घ्या, मानशीची दारं ओहोटीला उघडतात, भरतीला मिटतात, हे कुणीही वाचून लिहील. पण गावातल्याला माहीत असतं की खरी भानगड बांध कोण दुरुस्त करणार ही आहे. पूर्वी कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) बघायची, 1964 च्या कूळ कायद्यानंतर ते कुळांच्या असोसिएशनकडे गेलं, वर मानशीतल्या मासळीचा लिलाव, आणि मासळीत पैसा जास्त म्हटल्यावर खारं पाणी आत राहिलं तरी कुणाला चालतं आणि कुणाचं भात जातं, हा प्रश्न घ्या ना!

पण जिव्हाळा आंधळाही करतो हां. म्हणून कागदाच्या मागे लिहा, आपल्या घरात पैसा कुठून आला. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये 88 खाणींची लीज रद्द केली तेव्हा ज्याच्या दारात ट्रक उभा होता आणि ज्याच्या शेतात खाणीची माती आली होती, ते दोघे एकच गाव बघत नव्हते. तुम्ही यातले कोण ते मेथडॉलॉजीच्या चॅप्टरमध्ये सरळ लिहून टाका, गाइड कुरकुरला तरी.

मग तोच नकाशा दुसऱ्या वाड्यावरच्या कुणाला, मासळी विकणाऱ्या बाईला, भाड्याने राहणाऱ्या कामगाराला काढायला सांगा. त्यांच्यात आहे आणि तुमच्यात नाही अशी जागा सापडली की फील्डवर्क तिथून सुरू करा.

बाहेरून गोव्यात आलेल्यांनी निदान एक पावसाळा तरी इथे काढा, डिसेंबरात बांध बघून काहीच कळत नाही.