लेओव्हरमध्ये, म्हणजे विमान बदलतानाच्या मधल्या थांब्यात, व्हिसाशिवाय बाहेर पडताय? या चुका टाळा

"22 तास म्हणजे 24 च्या आतच ना?" बँकॉकच्या चेक-इन काउंटरवर माझा एक सहकारी हे तिसऱ्यांदा विचारत होता. काउंटरवरची मुलगी तिसऱ्यांदा तितक्याच शांतपणे मान हलवत होती.

झालं असं होतं. चीनमध्ये 24 तासांच्या आत पुढचं विमान असेल, तर जवळपास सगळ्या देशांच्या प्रवाशांना व्हिसाशिवाय थांबता येतं. आपल्यालाही. अधिकाऱ्याने तात्पुरता प्रवेश दिला तर शहरातही फिरता येतं. पठ्ठ्याने हे कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं, पुढचं ऐकायचा धीर नव्हता, आणि बँकॉक-शांघाय-बँकॉक असं तिकीट काढून मोकळा झाला. 22 तासांत शांघाय उरकायचं!

नियमातला मुख्य शब्द 'तास' नाही, 'तिसरा देश' आहे. जिथून आलात तिथेच परत जाणार असाल तर तो मधला थांबा होत नाही, ती सहल होते, आणि सहलीला व्हिसा लागतो. त्याचं पुढचं तिकीट टोकियोचं असतं तर चाललं असतं. हाँगकाँगचं असतं तरी चाललं असतं, कारण या हिशोबात हाँगकाँग वेगळं धरतात. काउंटरवरच्या मुलीचा राग येऊन उपयोग नाही. चुकीचा प्रवासी नेला तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर पडते, वर दंडही होऊ शकतो. म्हणून तुमचा निकाल शांघायच्या इमिग्रेशनवर नाही, निघतानाच्या काउंटरवर लागतो. त्यांच्यासमोर टायमॅटिक नावाची यंत्रणा उघडी असते. तुमचा पासपोर्ट, कुठून आलात, कुठे चाललात, एवढं घातलं की उत्तर येतं. तुमचा व्हिडिओ तिथे कोणी बघत नाही.

व्हिडिओंवर माझा राग आहेच. चीनची 240 तासांची सवलत दाखवत फिरणारा माणूस कुठल्या पासपोर्टवर फिरतोय ते आधी बघा. ती सवलत ठरावीक देशांनाच आहे आणि त्या यादीत भारत नाही. आपल्याला 24 तासांचीच.

सिंगापूरचंही तसंच. भारतीय पासपोर्टला तिथे 96 तास व्हिसाशिवाय मिळू शकतात, पण अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान अशा ठरावीक देशांपैकी एखाद्याचा चालू व्हिसा हातात हवा आणि प्रवास तिसऱ्या देशाकडे किंवा तिकडून असायला हवा. "विमानतळवाले फुकट शहर फिरवतात की!" हो, साडेपाच तासांपासून 24 तासांच्या आतल्या थांब्याला फिरवतात. पण त्या बसमध्ये बसायलाही देशात शिरण्याची परवानगी लागतेच. तिथलं अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या 3 दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं असेल तर बंद करा.

अमेरिकेत 'नुसतं ट्रान्झिट' असा प्रकारच नाही. दोन तास थांबायलाही इमिग्रेशन पार करावं लागतं, म्हणजे व्हिसा हवाच.

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर चालणारा युरोपातल्या देशांचा गट. त्यातले दोन विमानतळ एकाच प्रवासात घेऊ नका. पॅरिसला उतरून फ्रँकफर्टमार्गे बाहेर पडायचं म्हटलं, की पॅरिसलाच शेंगेनमध्ये शिरणं आलं, म्हणजे व्हिसा आला.

आता तासांचं गणित. यात मी स्वतः आपटलोय, म्हणून जरा सविस्तर. शांघायच्या पुडाँग विमानतळावर माझ्याकडे 9 तास होते. मॅग्लेव्ह गाडी 30 किलोमीटर आठेक मिनिटांत जाते, हे वाचून मी खुशीत होतो. उतरलो तर तात्पुरत्या प्रवेशाची रांग वेगळी, खिडकी एक, आणि माझ्यापुढे एक अख्खा ग्रुप. निळं कार्ड हाताने भरायचं, पेन नाही. पेन उसना घेतला, तो चालेना. शिक्का बसेपर्यंत पावणेदोन तास गेले. मॅग्लेव्ह खरंच आठ मिनिटांत पोहोचली, पण ती लाँगयांग रोडला सोडते, नदीकाठच्या बंडला नाही. तिथून पुढे मेट्रो. बंडवर पोहोचलो तेव्हा धुक्यात समोरच्या इमारतींचे फक्त पाय दिसत होते. 40 मिनिटं तिथे उभा राहिलो आणि परत फिरलो, कारण विमानाच्या 3 तास आधी विमानतळावर असायचंच, हा माझा नियम आहे. लोक हसतात. हसू देत.

तेव्हापासून मी थांब्यातून सरळ 6 तास वजा करतो. उरतील ते शहराचे. 8 तासांच्या थांब्यात बाहेर पडणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण मी आत बसून पाय पसरतो.

दोन वेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: दोन पीएनआर, म्हणजे दोन वेगळे बुकिंग क्रमांक, असले की सामान बहुतेक वेळा मधल्या विमानतळाच्या पट्ट्यावर येतं, आणि तो पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. तुम्हाला बाहेर पडायचं नसलं तरी बॅग बाहेर पडलेली असते. हा शॉर्टकट मला मान्यच नाही, पण घेणारच असाल तर फक्त हातातली बॅग घ्या. एका तिकिटावर असलात तरी बॅगेला टॅग लावताना वाकून बघा. त्यावर शेवटच्या शहराची तीन अक्षरं असायला हवीत. मधल्या शहराची दिसली तर तिथेच, बॅग पट्ट्यावरून सरकण्याआधी विचारा. आणि गरम कपडे, औषधं त्या बॅगेत टाकू नका. शहरात फिरताना ती तुमच्याजवळ नसणार.

पुढच्या तिकिटाची कागदी प्रत पासपोर्टातच खोचून ठेवा. फोनमधलं तिकीट विमानतळाच्या वायफायवर ऐनवेळी उघडेलच असं नाही. बऱ्याचदा वायफायचा कोड फोनवर येतो, आणि रोमिंग नसेल तर फोनला तिथे रेंज नसते.