तिसरा आला की आवाज बंद: ऑनलाइन वर्ग लावताना या चुका टाळा

शिकवणीवाल्यांना ऑनलाइन वर्गाचे सर्व्हर मी लावून देतो. इंदूरमधले शिकवणीवाले मला फोन करतात तेव्हा वाक्य ठरलेलं असतं: "काल तर चालत होतं हो!" काल म्हणजे दोघांनी चाचणी घेतली तेव्हा.

जित्सी म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर. त्यात दोघंच असले की ऑडिओ-व्हिडिओ थेट एकाच्या ब्राउझरमधून दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये जातो. तिसरा आला की सगळं सर्व्हरवरच्या व्हिडिओब्रिजमधून, म्हणजे सगळ्यांचा ऑडिओ-व्हिडिओ एकमेकांना वाटणाऱ्या भागातून जातं, आणि त्याला यूडीपी पोर्ट १०००० (नेटवरून ये-जा करायचा एक क्रमांकाचा दरवाजा) उघडा लागतो.

रामबागेतल्या एका संस्कृतच्या सरांनी जित्सी घरच्याच संगणकावर लावलं होतं. चाचणी घेतली ती घरच्याच वायफायवर, काकूंच्या फोनवरून. वर्गाच्या दिवशी देवासचा मुलगा आला, नीट बोलला. महूची मुलगी आली आणि सगळेच मुके. सरांच्या भाच्यानं रात्रभर जागून सर्व्हरची उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानं टाकली, तरी तेच. मी राउटर उघडून पाहिला, तर वेबसाइटचे ८० आणि ४४३ हे पोर्ट सर्व्हरकडे फॉरवर्ड केलेले (वळवलेले), १०००० नाही. तो उघडला तरी चित्र काळंच. ब्रिज बाहेरच्या मुलांना स्वतःचा १९२.१६८ वाला घरातला पत्ता देत होता. सेटिंगमध्ये पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून दिसणारा पत्ता लिहून ब्रिज रीस्टार्ट केल्यावर आवाज आला.

म्हणून मी तिघांना बसवतो, त्यातला एक मोबाइल डेटावर. त्याशिवाय "झालं" म्हणत नाही. काही अडलं की फॉरमॅट मारायची घाई मला अजिबात पटत नाही. आधी लॉग, म्हणजे सर्व्हरनं लिहून ठेवलेल्या नोंदी वाचा. तेवढा धीर धरला नाही तर तास मुलांचा बुडतो. आणि घरचं ब्रॉडबँड असेल तर स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता आधी मागून घ्या. कंपनीनं एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटला असेल, तर राउटरशी कितीही झटापट केली तरी व्यर्थ.

दुसरी चूक सगळ्यांचे कॅमेरे चालू ठेवण्याची. २५ जणांनी कॅमेरे लावले की प्रत्येकाला बाकीचे २४ पाठवायचे, म्हणजे सर्व्हरवरून ६०० व्हिडिओ. बिगब्लूबटन या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुलांचे कॅमेरे फक्त मॉडरेटरला, म्हणजे वर्ग चालवणाऱ्याला दिसतील अशी सोय आहे, ती वापरा. बिगब्लूबटनच्या सर्व्हरसाठी १६ जीबी रॅम आणि ८ कोर सांगितलेत. स्वस्तातल्या ४ जीबीवर टाकून त्याला नावं ठेवू नका.

सर्व्हरचा पत्ता एचटीटीपीएस (ब्राउझर सुरक्षित मानतो तो) नसेल तर ब्राउझर माइक देणारच नाही.

कॉलेजच्या नेटवर यूडीपी बंद असेल तर ४४३ वर टर्न सर्व्हर, म्हणजे अडलेला ऑडिओ-व्हिडिओ मध्यस्थ म्हणून पुढे पोहोचवणारा सर्व्हर लावा.

बिगब्लूबटनमध्ये रेकॉर्डिंगचं बटण तासात दाबावं लागतं, आणि फाइल तास संपल्यावरच तयार व्हायला लागते. नुसता टॅब बंद करून उठू नका.